ईबेच्या लिलावात सर्च कसं चालतं? जुनी घड्याळं विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांच्या कपाटातलं एचएमटी, दुरुस्तीच्या दुकानात ड्रॉवरच्या तळाशी राहिलेलं फेव्हर-लुबा, चोरबाजारातून उचललेलं वेस्ट एंड. अशी घड्याळं ईबे या ऑनलाइन बाजारात परदेशातल्या संग्राहकांना लिलावाने विकू पाहणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ईबेवर शीर्षक इंग्रजीतच लिहायचं असतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ते शब्द देवनागरीत दिले आहेत.

१. ईबे भारतात बंद झालं ना? मग इथून विकता येतं का?

बंद झालं ते भारतातल्या भारतात विकण्याचं संकेतस्थळ. २००४ साली ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेऊन इथे पाय रोवले होते. पुढे २०१७ मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे डॉट इन बंद झालं. भारतातून परदेशात विकणं मात्र चालूच आहे. तुमचं घड्याळ अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या ईबेवर दिसतं आणि खरेदीदार तिकडचा असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: शोधणारा माणूस तिकडचा आहे, तो त्याच्या शब्दांनी शोधतो आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे जागा असतो.

२. ठरलेल्या किमतीला विकणं आणि लिलाव, यात सर्चच्या दृष्टीने काय फरक?

ठरलेल्या किमतीला एक गिऱ्हाईक पुरतं. लिलावाला दोन लागतात.

ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आत नोंदवून ठेवतो आणि ईबे त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतं. समजा तुम्ही ९.९९ डॉलरने सुरुवात केली आणि कॅनडातल्या एका गृहस्थांनी कमाल १२० डॉलर नोंदवले. दुसरं कोणी आलंच नाही तर घड्याळ त्यांना ९.९९ डॉलरलाच मिळेल. दुसऱ्या कोणी ६० डॉलर नोंदवले तर किंमत ६१ वर जाईल. पहिल्या माणसाच्या मनात १२० होते, तरी किंमत ठरवली दुसऱ्याने.

लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीपासून ट्रॉलीपर्यंत फिरतात, त्यामुळे प्रत्येक कांद्याजवळ चार जण उभे राहतातच. ईबेवर तुमच्या ट्रॉलीजवळ आपणहून कोणी येत नाही. नाव घेऊन हाक मारणाऱ्यालाच ती दिसते. म्हणून लिलावात सर्चचं काम किमान दोन माणसं आणणं हे आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं त्या दुसऱ्या माणसासाठी आहेत.

३. मी वर्णनात सगळं सविस्तर लिहिलंय. सर्च ते वाचत नाही का?

खरेदीदाराने काही बदललं नाही तर नाही. शोधताना शीर्षक आणि वस्तूची ठरावीक माहिती (प्रश्न ६) पाहिली जाते. वर्णनातही शोधायचं असेल तर खरेदीदाराला तसा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, आणि फार थोडे लोक तो निवडतात. पैसे भरून उपशीर्षक घेतलंत तरी नेहमीच्या सर्चमध्ये ते शोधलं जात नाही; निकालात फक्त डोळ्यांना दिसतं. वर्णन आलेल्या माणसाची खात्री पटवण्यासाठी असतं, आणायचं काम शीर्षकाचं.

४. शीर्षक कसं लिहू?

जागा ८० अक्षरांची, त्यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. खरेदीदाराने टाइप केलेले शब्द तुमच्या शीर्षकात हवेत, क्रम मागेपुढे झाला तरी चालतो. अवतरण चिन्हांत शोधलं तरच क्रम पाळला जातो.

माझं पहिलं लिस्टिंग, म्हणजे विक्रीला टाकलेल्या वस्तूची नोंद, मला आजही आठवतं. 'ओल्ड इंडियन वॉच व्हेरी गुड कंडिशन नाइस गिफ्ट'. घड्याळ होतं एचएमटी जनता, तबकडीवर देवनागरीत 'जनता' छापलेलं. एकच बोली आली आणि ते ९.९९ डॉलरला गेलं. घेणाऱ्याने नंतर कळवलं की तो सर्चमधून आलाच नव्हता. जुन्या घड्याळांची पानं उलटता उलटता त्याला ते दिसलं. इतकी पानं उलटणारा दुसरा कोणी त्या आठवड्यात नव्हता.

त्याच घड्याळाचं शीर्षक आज मी असं लिहीन: 'एचएमटी जनता पॅरा शॉक १७ ज्वेल्स हँड वाइंडिंग मेकॅनिकल व्हिंटेज हिंदी डायल ३५ एमएम'. इंग्रजीत मोजलं तर ७९ अक्षरं. यात 'व्हेरी गुड', 'नाइस', 'रेअर' काही नाही, कारण 'नाइस' टाइप करून घड्याळ कोणी शोधत नाही. आणि 'हिंदी डायल' का? आपल्या डोळ्यांना ती देवनागरी आहे, पण परदेशातला संग्राहक तिला 'हिंदी' म्हणतो. इथे त्याचा शब्द चालतो.

दुसरा माणूस बहुतेक वेळा वेगळ्या शब्दाने येतो. पहिल्याला जनताच हवी असते. दुसऱ्याला चावीचं, म्हणजे हाताने किल्ली द्यायचं, ३५ मिलिमीटरचं कोणतंही जुनं घड्याळ चालणार असतं. शीर्षकात दोघांना जागा द्या.

५. खरेदीदार कोणते शब्द टाइप करतो हे मला कसं कळणार?

अंदाज बांधू नका, विकून झालेला माल पाहा. आपल्या घड्याळाचं नाव शोधा आणि फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' निवडा. गेल्या ९० दिवसांत प्रत्यक्ष विकलेलं सगळं किमतीसकट दिसतं. त्याहून मागचं पाहायचं असेल तर विक्रेत्याच्या खात्यात टेरापीक हे संशोधनाचं साधन आहे.

आता चांगल्या किमतीला गेलेली दहा शीर्षकं आणि अगदी स्वस्तात गेलेली दहा शीर्षकं वहीत शेजारी शेजारी उतरवा. हाताने उतरवलं की पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारे आणि दुसऱ्यात नसलेले शब्द आपोआप डोळ्यांत भरतात. एक सावधगिरी: किमतीवर काट मारलेली दिसली तर तो सौदा घासाघीस होऊन कमी रकमेला झालेला असतो. ती रक्कम खरी विक्री धरू नका.

६. 'आयटम स्पेसिफिक्स'चे इतके रकाने आहेत. सगळे भरायलाच हवेत?

घड्याळाच्या बाबतीत शक्य तितके भरा. निकालांच्या बाजूला ब्रँड, मॉडेल, मूव्हमेंट (आतलं यंत्र), केसचा (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा) आकार, डायलचा रंग असे फिल्टर असतात, ते याच रकान्यांवर चालतात. खरेदीदाराने 'मेकॅनिकल, मॅन्युअल' वर टिचकी मारली आणि तुमचा मूव्हमेंटचा रकाना रिकामा असला तर शीर्षक कितीही चांगलं असलं तरी तुमचं घड्याळ यादीतून गळतं. तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

केसचा व्यास किल्ली सोडून मोजा. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे असतो. ठाऊक नसलेलं साल मात्र भरू नका. अंदाजाने टाकलेलं '१९६५' पुढे परताव्याचं कारण होऊ शकतं.

७. 'बेस्ट मॅच' म्हणजे काय? त्यात वर कसं यायचं?

काही न बदलता शोधलं की निकाल ज्या क्रमाने लागतात तो क्रम म्हणजे बेस्ट मॅच. २००८ पासून तोच मूळ क्रम आहे. शोधलेल्या शब्दांशी लिस्टिंग किती जुळतं, फोटो आणि माहिती किती पूर्ण आहे, किंमत, पाठवणी आणि परताव्याच्या अटी, विक्रेत्याचा इतिहास असं बरंच काही त्यात मोजलं जातं. प्रत्येकाला नेमकं किती वजन आहे ते ईबे जाहीर करत नाही. त्यामुळे 'गुप्त सूत्र' विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

लिलावाला इथे एक वेगळी सोय आहे. संपण्याची वेळ जवळ आली की लिलाव वर सरकतो. शिवाय लिलावांचे जुने खेळाडू 'लवकर संपणारे आधी' हा क्रम लावून बसतात, त्यात नवखा विक्रेता आणि मुरलेला विक्रेता एकाच रांगेत असतात. ती शेवटची वेळ कोणती असावी हे तुमच्या हातात आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न.

८. लिलाव किती दिवसांचा ठेवू आणि कधी संपवू?

१, ३, ५, ७ आणि १० दिवसांचे पर्याय असतात. मी जुन्या घड्याळांना सात दिवसच देतो. अनेक संग्राहकांनी आपला शोध जतन केलेला असतो आणि नवीन माल आला की त्यांना सूचना जाते. एका दिवसाच्या लिलावात ती सूचना उघडेपर्यंत घड्याळ गेलेलं असतं. सात दिवसांत शनिवार-रविवारही येतो.

सात दिवसांचा लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी संपतो, त्यामुळे सुरू करतानाच शेवट ठरवावा लागतो. इथे आपल्याकडून सर्रास चूक होते: रात्री जेवण झालं की लोक लिस्टिंग टाकतात. आपल्याकडे रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ. कामाच्या दिवशी ती ऑफिसची वेळ.

मी दोन वेळा वापरतो. अमेरिकेचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेल तर कॅलिफोर्नियात रविवारी संध्याकाळी सहा, तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे नऊ. आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा, आणि तिकडे हिवाळी वेळ लागू झाली की साडेसात. पण तेव्हा लंडन झोपलेलं असतं. ब्रिटनमध्येही मागणी असलेलं घड्याळ असेल तर कॅलिफोर्नियात रविवारी दुपारी बारा ही वेळ धरा: न्यूयॉर्कला तीन, लंडनला रात्रीचे आठ, आपल्याकडे सोमवार लागून रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. जागत बसू नका, लिस्टिंग आधी तयार करून सुरू होण्याची वेळ लावून ठेवता येते. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटनचे घड्याळ पुढे-मागे करण्याचे दिवस वेगळे असतात, तेवढं तपासून घ्या.

९. कमी किमतीपासून सुरू करायला भीती वाटते. राखीव किंमत लावू का?

ही भीती योग्य आहे. प्रश्न २ मधला एकटा गृहस्थ आठवा. मी असं ठरवतो: विकलेल्या मालात (प्रश्न ५) तसल्याच घड्याळावर नेहमी पाच-सात जणांच्या बोली दिसत असतील तर सुरुवात कमी ठेवतो. एखाद-दुसरीच दिसत असेल तर जेवढ्याला दिलं तरी वाईट वाटणार नाही तिथूनच सुरू करतो.

राखीव किमतीला, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायची नाही अशा रकमेला, वेगळं शुल्क पडतं, आणि 'राखीव किंमत गाठली नाही' हे पाहून बरेच जण बोली न लावताच परततात. पाठवणीचा खर्चही विसरू नका. खरेदीदार कमी किंमत आधी असा क्रम लावतो तेव्हा वस्तू आणि पाठवणी मिळून बेरीज धरता येते, मग ९.९९ चं घड्याळ आणि ३५ डॉलरची पाठवणी खाली घसरते.

१०. वीस जण वॉच करताहेत, पण एकही बोली नाही. सर्च चुकलंय का?

नाही, सर्चने काम केलंय. लोक आले, पाहिलं, खूण करून ठेवली. ईबेच्या लिलावाची वेळ ठरलेली असते. शेवटच्या क्षणी बोली आली म्हणून ती वाढत नाही. त्यामुळे अनुभवी लोक शेवटच्या काही सेकंदांतच बोली लावतात. घाबरून मध्येच लिलाव बंद करू नका. वॉच करणारेही दोन-तीनच असतील तर मात्र शीर्षक आणि पहिला फोटो तपासा.

११. माझंच लिस्टिंग मला सर्चमध्ये दिसत नाही.

नुकतं टाकलं असेल तर काही तास थांबा. तरी दिसलं नाही तर आपण भारतातून पाहतोय हे आठवा: निकाल पाहणाऱ्याच्या पत्त्याप्रमाणे बदलतात. खात्यातून बाहेर पडा, खासगी विंडो उघडा, पोचवण्याचा देश अमेरिका करा आणि खरेदीदार टाइप करेल तेच शब्द टाका. ब्रिटनला पाठवणी ठेवलीच नसेल तर तिथल्या माणसाला ते दिसणार कसं?

काही अमेरिकन खरेदीदार 'फक्त अमेरिकेतला माल' हा फिल्टर लावतात. त्यांच्यापर्यंत आपण पोचत नाही, आणि पोचण्यासाठी वस्तूचं ठिकाण न्यूजर्सी लिहू नका. चुकीचं ठिकाण दाखवणं नियमाविरुद्ध आहे, आणि मुंबईचा शिक्का असलेलं पाकीट दारात आलं की ते उघडं पडतंच.

१२. डायल नव्याने रंगवलेली आहे. 'रीडायल' हा शब्द शीर्षकात टाकला तर गिऱ्हाईक पळेल ना?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण इथे आपल्या शहराचं नाव गुंतलंय. जगभरच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा शब्द रूढ आहे. जुनं यंत्र, भडक रंगात रंगवलेली तबकडी, कुठूनतरी काढलेले काटे, आणि हे सगळं 'ओरिजिनल' म्हणून विकलेलं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या कारागिरांचे हात किती कसबी आहेत हे त्या दुकानांत बसल्याशिवाय कळत नाही. मेलेलं यंत्र ते उठवून उभं करतात. पण त्या कामाला मूळ माल म्हटल्यामुळे आज काही खरेदीदार भारतातला माल सरळ गाळून शोधतात. अस्सल घड्याळ विकणाऱ्याचा दुसरा माणूस तिथेच हरवतो.

म्हणून शब्द टाका. 'रीडायल' किंवा 'रीफिनिश्ड डायल', शीर्षकातच. घालायला छान दिसणारं स्वस्त घड्याळ हवं असलेले लोक ते पाहूनही घेतात. ज्यांना मूळ तबकडीच हवी आहे ते सर्चमध्ये वजाचं चिन्ह लावून हा शब्द वगळतात, आणि ते वगळले गेलेलेच बरे. फसून आलेला खरेदीदार 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून माल पोचल्यापासून ३० दिवसांत परतावा मागू शकतो, आणि परतीचा खर्च तुमच्या माथी येतो.

तुम्हालाच खात्री नसेल तर भिंग घेऊन बसा. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळतात का? अक्षरांच्या कडा धारदार आहेत की फुगलेल्या? सहाच्या खाली तबकडीच्या कडेला बारीक छपाई असायला हवी तिथे ती आहे का? तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेला रंग ओघळलाय का? डायल मूळ असेल तर तेही शीर्षकात लिहा आणि मागचं झाकण उघडून यंत्राचा स्वच्छ फोटो द्या. भारतातून विकणाऱ्याला तो एक फोटो दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोटो २४ पर्यंत टाकता येतात.

१३. घड्याळ बंद आहे. टाकावं का?

जरूर. स्थिती निवडताना 'फॉर पार्ट्स ऑर नॉट वर्किंग' निवडा आणि शीर्षकात यंत्राचा क्रमांक द्या. सुट्या भागांसाठी शोधणारे क्रमांकानेच शोधतात. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यारने हे संकेतस्थळ 'ऑक्शनवेब' या नावाने सुरू केलं, तेव्हा पहिली वस्तू विकली गेली ती बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत होतं आणि त्याला तसाच हवा होता.

१४. शीर्षकात स्पेलिंग चुकलं आणि बोलीही आली. आता?

बोली आल्यावर शीर्षक बदलता येत नाही. वर्णनात भर घालता येते, पण त्याने सर्चला फरक पडत नाही (प्रश्न ३). चुकीच्या स्पेलिंगचे लिलाव मुद्दाम हुडकून स्वस्तात घेणारे लोक आहेत, ती पहिली बोली त्यांच्यापैकीच कोणाची असू शकते. फेव्हर-लुबाचं इंग्रजी स्पेलिंग सर्वांत जास्त चुकतं. तबकडीकडे पाहून एकेक अक्षर लावा.

१५. 'रोलेक्ससारखं' किंवा 'ओमेगा नाही' असं लिहिलं तर जास्त लोक येतील?

येतील, आणि लिस्टिंग काढून टाकलं जाईल. वस्तूशी संबंध नसलेला ब्रँड शीर्षकात घालणं नियमात बसत नाही. शिवाय रोलेक्स शोधणारा तुमच्या 'एचएमटी सोना'वर बोली लावणार नाही.

१६. माझ्याकडे तीन सारख्या जनता आहेत. एकदम टाकू?

एकेक टाका. एकाच वेळी टाकल्यात तर जे दोघे एकमेकांशी स्पर्धा करणार होते ते एकेक वाटून घेतील. पहिला लिलाव संपला, हरलेला माणूस हळहळतोय, तेव्हा पुढचं घड्याळ त्याच्या जतन केलेल्या शोधात आलेलं बरं. ग्राहकाने पैसे दिलेच नाहीत, किंवा तसंच दुसरं घड्याळ शिल्लक असेल, तर हरलेल्याला 'सेकंड चान्स ऑफर'ही देता येते.

१७. दुसरा माणूस येतच नसेल तर भावाला बोली लावायला सांगू? आणि कोणी 'लिलाव बंद करून मला थेट द्या' म्हटलं तर?

पहिल्याचं उत्तर ठाम 'नाही'. घरचे, मित्र, नोकर, कोणीही किंमत चढवायला बोली लावणं ही फसवणूक आहे. ईबेवर ती बंद आहे आणि खातं जाऊ शकतं. भावाला ते घड्याळ खरोखर हवं असलं तरीही.

दुसऱ्यालाही नाहीच म्हणा. ईबेच्या बाहेर सौदा करणं नियमात बसत नाही, आणि तसं विचारणाऱ्याला बहुधा माहीत असतं की त्याच्यासारखे आणखी आहेत. मला असा निरोप आला की मी किंमत पुन्हा तपासतो, लिलाव तसाच चालू ठेवतो.

१८. खिशातलं घड्याळ आहे, तबकडीवर 'बॉम्बे अँड कलकत्ता' लिहिलंय. 'अँटिक' म्हणून टाकू?

थांबा. हा प्रश्न सर्चचा नाही, कायद्याचा आहे. तबकडीवरच्या त्या शब्दांवरून ते वेस्ट एंड वॉच कंपनीचं असावं, आणि त्या कंपनीची काही घड्याळं शंभर वर्षांच्या पलीकडची आहेत. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. चांदीच्या केसवरचे हॉलमार्क भिंगातून वाचून आधी साल काढा.

आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घड्याळाला 'अँटिक' लिहू नका. संग्राहक त्याला 'व्हिंटेज' म्हणून शोधतो, आणि 'अँटिक' हा शब्द कस्टमच्या टेबलावर पाकीट अडकवायला पुरेसा असतो. जुना पट्टा सापाच्या किंवा मगरीच्या कातडीचा असेल तर तोही काढून ठेवा आणि घड्याळ पट्ट्याशिवाय पाठवा. शीर्षकात 'हेड ओन्ली' लिहिलंत की शोधणाऱ्याला ते नेमकं समजतं.